टेक्सासची छोटी गावं, स्मोकहाऊस आणि ब्रूअरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिन, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो भागात राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे भारतातून येणारे पाहुणे स्मोकहाऊस, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस भाजणारी दुकानं, आणि ब्रूअरी, म्हणजे बीअरचे कारखाने, यांसाठीच्या लॉकहार्ट-शायनर सहलीबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या गावांवर आमचं प्रेम आहे आणि ती घाईत उरकू नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

नेमकं जायचं कुठे?

ऑस्टिनहून निघत असाल तर दक्षिणेकडे हायवे १८३ धरा. साधारण ५० किलोमीटरवर लॉकहार्ट लागतं, पुढे २५ किलोमीटरवर लुलिंग, मग गोंझालेस आणि तिथून पूर्वेला वळून हायवे ९०-ए वर शायनर. एका बाजूचा प्रवास १३०-१४० किलोमीटरचा होतो. सॅन अँटोनियोहून शायनर सुमारे १४५ किलोमीटर आणि ह्यूस्टनहून २०० च्या आसपास, त्यामुळे तिन्ही शहरांतून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं.

लॉकहार्टला जायला १३० क्रमांकाचा टोल रस्ताही आहे. त्याच्या काही भागात ताशी ८५ मैल, म्हणजे जवळपास १३७ किलोमीटरची मुभा आहे आणि अमेरिकेत यापेक्षा जास्त वेगमर्यादा कुठेच नाही. पण घाई नसेल तर जुना १८३ च घ्या. गाडी भाड्याची असेल तर टोलचे पैसे कंपनी कसे लावते ते आधीच विचारून ठेवा.

एका दिवसात किती ठिकाणं होतील?

एक स्मोकहाऊस आणि एक ब्रूअरी, एवढंच ठरवून निघा. लॉकहार्टमध्येच नावाजलेली चार दुकानं आहेत, चारही करायचीच असं ठरवून लोक येतात आणि तिसऱ्या ठिकाणी कोणालाच घास गिळवत नाही. मोठा गट असेल तर दोन दुकानांतून थोडं थोडं घेऊन वाटून खाणं जमतं.

मधल्या वेळात गावं बघा. लॉकहार्टचं कोर्ट हाऊस १८९४ चं आहे, त्याच्याभोवतीच्या चौकात अर्धा तास सहज जातो. गोंझालेसला २ ऑक्टोबर १८३५ रोजी टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली गोळी झाडली गेली. मेक्सिकन सैन्य गावाची तोफ परत मागायला आलं, तेव्हा गावकऱ्यांनी ‘या आणि घेऊन जा’ असं लिहिलेला झेंडा फडकावला होता. इतिहासाची आवड असेल तर तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इतक्या लहान गावांत ही स्मोकहाऊसं आली कुठून?

हे कळलं की तिथल्या सगळ्या चालीरीती आपोआप समजतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक कुटुंबं मध्य टेक्सासमध्ये येऊन स्थायिक झाली. त्यांच्यातल्या खाटकांनी गावोगाव मांसाची दुकानं काढली. तेव्हा फ्रीज नव्हते. जे मांस विकलं जायचं नाही ते टिकावं म्हणून धुरावर भाजायचं, तुकड्यांचे सॉसेज भरायचे, हे ते मायदेशातूनच शिकून आले होते. कापूस वेचणीच्या हंगामात आलेले मजूर दुकानाच्या मागच्या दाराशी हे भाजलेलं मांस विकत घ्यायचे आणि खाटकाच्या जाड कागदावरच, बिस्किटांसारख्या खारट क्रॅकरबरोबर, हातानं खायचे. आजही ताटाऐवजी कागद मिळतो, बरोबर साधा पांढरा ब्रेड, कांदा आणि काकडीचं लोणचं येतं. त्याचं मूळ तिथे आहे.

लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० साली असंच मांसाचं दुकान म्हणून सुरू झालं. ब्लॅक्स १९३२ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. १९९९ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहानं लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवणारा ठराव केला. त्याच वर्षी क्राइट्स चालवणाऱ्या घराण्यात वाटणीचा पेच आला. वडिलांनी धंदा मुलांना आणि इमारत मुलीला दिली होती, आणि भाड्यावरून जुळेना. शेवटी धंदा नव्या मोठ्या इमारतीत गेला आणि जुन्या वास्तूत बहिणीनं स्मिटीज मार्केट उघडलं. जाताना जुन्या भट्टीतले निखारे एका टबात भरून रस्त्यानं ओढत नव्या भट्टीपर्यंत नेले. विस्तव विझू द्यायचा नाही ही जिद्द तेव्हापासून गावात सांगितली जाते, आणि आज दोन्ही दुकानं जोरात चालतात.

एकच बघायचं असेल तर आमचं मत स्मिटीजला. मागच्या बाजूनं आत शिरलात की भिंती काजळीनं काळ्याकुळकुळीत झालेल्या दिसतात. विटांच्या लांबलचक भट्टीच्या तोंडाशी लाकडं जमिनीवर उघडी जळत असतात, आणि तुमची रांग त्या आगीच्या अगदी शेजारून जाते. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं सोपं नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

मांस तयार व्हायला इतका वेळ का लागतो?

ब्रिस्केट म्हणजे गोवंशाच्या छातीचा भाग. जनावराचं वजन पेलणारा स्नायू, त्यामुळे चिवट. झटपट भाजला तर चावत बसावं लागतं. पण १०७ ते १३५ अंश सेल्सिअसच्या मंद धुरात दहा-बारा तास ठेवला की त्यातलं कोलॅजन वितळून जिलेटिन होतं आणि तोच तुकडा बोटानं तुटतो.

मध्ये एक टप्पा येतो. आतलं तापमान ६५-७५ अंशांच्या घरात पोचतं आणि कित्येक तास तिथेच अडतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निघते. नवशिके इथे धीर सोडून आग वाढवतात आणि मांस कोरडं होतं. जाणता भट्टीवाला थांबतो, फार तर कागदात गुंडाळतो. शेवटी ९० ते ९६ अंशांवर मांस उतरवून विसावू देतात. मसाला बहुतेक ठिकाणी फक्त मीठ आणि भरड काळी मिरी. चव येते ती पोस्ट ओकच्या लाकडानं. हा ओक मध्य टेक्सासमध्ये मुबलक आहे आणि त्याचा धूर सौम्य असतो. मेस्कीटचा धूर उग्र, तो पश्चिम टेक्सासच्या बाजूला जास्त वापरतात.

कडेला मांस गुलाबी दिसतं. कच्चं आहे का?

नाही. भारतातून आलेले आई-बाबा हे हमखास विचारतात. जळत्या लाकडातून नायट्रिक ऑक्साइड निघतं, ते मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडलं जातं आणि बाहेरच्या काही मिलिमीटरचा गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. टर्कीमध्येही असं होतं.

किती वाजता पोचावं?

अकराच्या सुमारास. संध्याकाळी जेवायला जाण्याची कल्पना सोडून द्या. मांस आदल्या रात्री भट्टीत चढलेलं असतं, संपलं की संपलं, आणखी करा म्हणून ते होत नाही. शनिवारी दुपारी दोननंतर ब्रिस्केट किंवा बरगड्या उरल्या नसण्याची तयारी ठेवा. रविवारी बंद असणारी दुकानंही आहेत, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी वेळा बघून घ्या.

टोकाचं उदाहरण लेक्सिंग्टन गावातल्या स्नोजचं. आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी, सकाळी आठला उघडतं आणि लोक पहाटेपासून रांग लावतात. ‘टेक्सास मंथली’ या मासिकानं २००८ मध्ये त्याला राज्यात पहिला क्रमांक दिला, तोवर ते गावाबाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. तिथल्या भट्टीवर उभ्या राहणाऱ्या टूटसी टोमानेट्झ ऐंशी ओलांडल्यावरही फावड्यानं निखारे पसरत असत. पण स्नोज आणि शायनर एका दिवसात करू नका, दिशा वेगळ्या आहेत.

काउंटरवर काय आणि कसं मागायचं?

मांस पाउंडावर, म्हणजे ४५३ ग्रॅमच्या हिशेबानं विकतात. पाव पाउंडही मागता येतं आणि त्यात कमीपणा नाही. माणशी सगळं मिळून अर्धा पाउंड पुरतं. भाव सारखे बदलतात, पण चांगलं ब्रिस्केट पाउंडाला तीस डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग पडतं. चौघांचं बिल बघून दचकू नका.

ब्रिस्केट मागितलं की कापणारा विचारेल, ‘लीन’ की ‘मॉइस्ट’? लीन म्हणजे कमी चरबीचा सपाट भाग, मॉइस्ट म्हणजे चरबीदार. पहिल्यांदा खात असाल तर मॉइस्ट घ्या. सुरीचा हात जवळून बघा: साधारण पेन्सिलच्या जाडीचा काप निघतो. चांगला काप बोटावर ठेवला तर दोन्हीकडून लवतो आणि तरी तुटत नाही, हलकेच ओढला की सुटतो. बाहेरची काळी खरपूस साल काढून टाकू नका, मीठ, मिरी आणि धूर सगळा तिच्यात असतो.

लुलिंगच्या सिटी मार्केटमध्ये भट्टीची खोली दुकानाच्या आतच वेगळी आहे. मांस त्या खोलीत शिरून घ्यायचं, बाकीचं बाहेरच्या काउंटरवर. नवखी माणसं चुकीच्या रांगेत उभी राहतात, तुम्ही राहू नका. क्राइट्समध्ये पूर्वी काटे-चमचे नाहीत आणि सॉसही नाही असा शिरस्ता होता. आता सॉस मिळतो, पण पहिला घास त्याच्याशिवाय खाऊन बघा.

आम्ही बीफ खात नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण स्पष्ट बोलून. धुरावलेली टर्की बऱ्याच ठिकाणी मिळते आणि चांगल्या दुकानात ती अतिशय रसदार असते. चिकन मिळतं, पोर्क चालत असेल तर बरगड्या आणि क्राइट्सचे पोर्क चॉप आहेत. सॉसेजबाबत सावध राहा, या भागातल्या पारंपरिक सॉसेजमध्ये बीफ आणि पोर्क दोन्ही मिसळलेलं असतं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही: कापायचा ठोकळा आणि सुरी सगळ्या मांसाला एकच असते. वेगळ्या सुरीनं कापा अशी विनंती केली तर गर्दी नसताना कोणी ऐकेल, पण खात्री देता येत नाही. ज्यांना हा स्पर्शही चालत नाही त्यांना आग्रह करून नेऊ नका, त्यांचा दिवस वाईट जातो.

आणि शाकाहारी?

स्मोकहाऊसमध्ये पर्याय कमी आहेत: बटाट्याचं सॅलड, कोलस्लॉ, मॅकरोनी-चीज. ‘बीन्स’ शाकाहारी वाटतात, पण त्यात बहुधा बेकन किंवा ब्रिस्केटचे तुकडे असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. घरून थेपले, पुऱ्या, चटणी-पोळी नेलेली उत्तम, रस्त्यात कुठेही बसून खाता येते.

अंडं चालत असेल तर चेक लोकांनी आणलेला कोलाची हा गोड पाव जरूर शोधा. मऊ पिठाच्या मधल्या खळग्यात जर्दाळू, खसखस किंवा गोड चीज भरलेलं असतं. ह्यूस्टन-ऑस्टिन रस्त्यावर एलिंजर आणि ला ग्रेंज इथल्या बेकऱ्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सॉसेज भरलेला खारा प्रकारही त्याच काचेमागे ठेवलेला असतो, तेवढं बघून घ्या.

शायनरची ब्रूअरी बघण्यासारखं काय आहे?

जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात शंभर वर्षांहून जुनी ब्रूअरी टिकून आहे, हेच मुळात बघण्यासारखं आहे. १९०९ मध्ये गावातल्या जर्मन-चेक शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून ती काढली, कारण त्यांना मायदेशासारखी बीअर मिळत नव्हती. १९१४ मध्ये कोस्मोस स्पेट्झल हा बव्हेरियन ब्रूमास्टर आला. तो आधी कैरोच्या एका ब्रूअरीत काम करून आलेला होता. पुढे ब्रूअरी त्याचीच झाली आणि आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. १९२० ते १९३३ ची दारूबंदी त्यानं बर्फ आणि जवळपास बिनअल्कोहोलची बीअर विकून काढली. १९५० मध्ये तो गेला आणि मुलगी सेसिली हिनं ब्रूअरी हाती घेतली. त्या काळी अमेरिकेत एका स्त्रीनं ब्रूअरी स्वतःच्या मालकीनं चालवणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती. १९६६ पर्यंत ती तिच्याकडे होती. इथल्या फेरीत तिचं नाव आलं की आवर्जून थांबून ऐका.

फेरीत तांब्याची भांडी, आंबवण्याच्या टाक्या आणि बाटल्या भरण्याची लाइन दिसते. फेरीला तिकीट आहे, वेळा ठरलेल्या असतात, शनिवारी जागा लवकर भरतात. ब्रूअरीच्या आवारातच आता बार्बेक्यूही मिळतं, म्हणजे लॉकहार्टला थांबायला जमलं नाही तरी जेवण आणि बीअर एका ठिकाणी होतं. चवीत आमचा कौल लॉकहार्टलाच, पण लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर शायनरची मोकळी जागा जास्त सोयीची.

गावातलं सेंट सिरिल आणि मेथोडियस चर्चही चुकवू नका. १९२१ च्या या लाल विटांच्या चर्चचं आतलं काम पाहून बाहेर पडावंसं वाटत नाही.

शायनर खरी ‘क्राफ्ट’ आहे का? ती तर प्रत्येक दुकानात दिसते.

अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनच्या ‘क्राफ्ट’, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रूअरीच्या, व्याख्येत वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन आणि मालकी स्वतंत्र, या मुख्य अटी आहेत. शायनर त्यात बसते. १९८९ पासून ती सॅन अँटोनियोच्या गँब्रिनस कंपनीकडे आहे. पण दहा-बारा नळ, दर महिन्याला नवा प्रयोग, बीअर बनवणाराच समोर ओतून देतोय, असं चित्र तुमच्या मनात असेल तर ऑस्टिनच्या पश्चिमेला ब्लँको गावी रिअल एलला जा. १९९६ मध्ये गावच्या चौकातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या तळघरात ती सुरू झाली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी आली तेव्हा ताज्या बीअरची गोडी लागलेल्यांना हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल.

कोणती बीअर घ्यावी?

बीअरची सवय नसेल तर छोट्या पेल्यांचा संच मागा, त्याला ‘फ्लाइट’ म्हणतात. चार-पाच प्रकार थोडे थोडे चाखता येतात. शायनर बॉक गडद रंगामुळे कडक वाटते, प्रत्यक्षात ४.४ टक्के अल्कोहोलची सौम्य लागर आहे आणि पहिल्यांदा १९१३ मध्ये बनली. भाजलेल्या माल्टचा गोडवा मिरीच्या तिखटपणाला छान उतरतो. चरबीदार मांसाबरोबर थंड, कोरडी पिल्सनर किंवा ब्लाँड एल तोंड स्वच्छ करते. फार कडू आयपीए आम्ही मांसाबरोबर घेत नाही, धूर आणि कडवटपणा एकमेकांवर चढतात. पिंपात मुरवलेल्या बीअर दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातात, पाटीवरचा आकडा वाचल्याशिवाय मागू नका.

गाडी कोण चालवणार?

निघण्यापूर्वी ठरवा, आणि त्या माणसानं एक घोटही घेऊ नये. या पानावर एवढी एकच गोष्ट वाचलीत तरी चालेल.

टेक्सासमध्ये रक्तातली मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण गाडी चालवण्यात फरक पडलेला दिसला तर त्याहून कमी प्रमाणातही गुन्हा लागू शकतो. पहिल्या गुन्ह्याला २,००० डॉलरपर्यंत दंड, १८० दिवसांपर्यंत तुरुंगवास आणि लायसन्स वर्षभरापर्यंत निलंबित होऊ शकतं. मुलं गाडीत असतील तर प्रकरण थेट गंभीर गुन्ह्यात जातं. व्हिसावर असलेल्यांना आणखी एक धोका आहे: अमेरिकी परराष्ट्र खातं अशा अटकेनंतर, न्यायालयात दोषी ठरण्याआधीच, व्हिसा रद्द करू शकतं. एच-१बी वर घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं त्या शिक्क्यावर उभं असतं.

प्रवाशांनीही धावत्या गाडीत उघडा कॅन हातात धरायचा नाही, त्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. फोडलेली बाटली उरलीच तर डिकीत ठेवा. या गावांत टॅक्सी-उबरच्या भरवशावर राहू नका, मिळेलच असं नाही. सगळ्यांनाच प्यायची असेल तर मुक्काम करा.

ओळखपत्र लागतं का? मुलांना आत घेतात?

वय कमीत कमी २१ हवं. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ अशी विभागणी आहे, इथे सगळ्याला २१. पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. भारतीय लायसन्स किंवा आधार पुष्कळ ठिकाणी मान्य करत नाहीत, आणि केस पिकलेल्या आजोबांनाही ओळखपत्र विचारतात, त्यात अपमान नाही. मुलांना बहुतेक ब्रूअऱ्यांच्या अंगणात येऊ देतात. रूट बीअर मागवा, ती बिनअल्कोहोलची असते.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्चअखेर ते एप्रिल सर्वांत सुरेख, रस्त्याच्या कडेला निळ्या ब्लूबॉनेट फुलांचे ताटवे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८-४० ला टेकतो. जूनअखेरीस लुलिंगला कलिंगडांचा उत्सव असतो, १९५४ पासून चालत आलेला, आणि त्यात बिया लांब थुंकण्याची स्पर्धा मोठ्या गांभीर्यानं होते. गर्दीची तयारी असेल तर मुलांना दाखवाच.

मधे स्वच्छतागृहाची सोय?

लुलिंगजवळ हायवे १० वर बकीज हे पेट्रोल पंपाचं भलंमोठं दुकान आहे. जून २०२४ मध्ये उघडलेलं, सुमारे ७५,००० चौरस फुटांचं. स्वच्छतागृहं अहोरात्र लख्ख असतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर इथे थांबायचं ठरवूनच निघा.

घरी किंवा भारतात काय नेता येईल?

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासच्या ब्रूअऱ्यांना पार्सल बीअर विकता येते, माणशी दिवसाला २८८ औंसांपर्यंत, म्हणजे १२ औंसांचे २४ कॅन. त्याआधी ब्रूअरीत बसून प्यायची मुभा होती, पण त्याच दारातून बाटली घरी नेता येत नसे. मांस नेणार असाल तर न कापलेला अखंड तुकडा मागा, कापलेलं लवकर सुकतं. आइसबॉक्स गाडीत असू द्या आणि उन्हात डिकीत तासाभरापेक्षा जास्त काही ठेवू नका. घरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये हळू गरम करा, मायक्रोवेव्ह नको.

भारतात बीफ कोणत्याही रूपात नेता येत नाही, जर्कीची बंद पाकिटंसुद्धा नाहीत. मद्याची करमुक्त मर्यादा प्रौढ प्रवाशाला दोन लिटर आहे. बीअरचे कॅन कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी मिरी-मिठाचा मसाला किंवा सॉसची बाटली घ्या. सॉसचं लेबल मात्र वाचा, काहींत मांसाचा अर्क असतो.